अचानक पाहणी

१

फाइल गायब झाल्याचं कळलं तेव्हा, सांगायला लाज वाटते, पण मला आधी बरंच वाटलं. स्कॅनिंगच्या नावाखाली रेकॉर्ड रूम उलटीपालटी करू नका, असं मी महिनाभर कोकलत होतो. निवृत्तीला तीन महिने उरलेल्या अव्वल कारकुनाचं कोण ऐकतंय! आता भोगा म्हणावं.

आमचं ऑफिस पेणला, बाजाराच्या मागे, वरच्या मजल्यावर. नाव लांबलचक, ‘वाहन उद्योग साहाय्य कक्ष’. काम मात्र एकच. रोह्याच्या बाहेर अरुणतेज मोटर्स नावाचा मोटारींचा कारखाना आहे. त्यांची छोटी गाडी एके काळी धडाक्यात खपायची. मग लोकांना मोठ्या गाड्या हव्या झाल्या आणि कंपनी बसत गेली. ती तगावी म्हणून सरकारनं वीज स्वस्त केली, कर माफ केला. अट एवढीच, की पाच वर्षं एकाही कामगाराला काढायचं नाही. ती अट पाळली जाते का, हे वर्षातून एकदा न कळवता जाऊन बघायचं, त्यासाठी आम्ही पगार घेतो.

गेल्या सप्टेंबरात आमचे तेव्हाचे साहेब पाहणी करून आले. अहवालात लिहिलं, सर्व कामगार हजर. डिसेंबरात कंपनीला टाळं लागलं आणि शहाऐंशी कामगार पुढे येऊन म्हणाले, आम्हाला तर पाहणीच्या आधीच काढलं होतं. कंपनी म्हणाली, साफ खोटं, पाहणीच्या दिवशी हे सगळे कामावर होते, नंतर स्वखुशीनं सोडून गेले. आता काढलेल्या माणसाला सरकारनं दुसऱ्या कारखान्यात लावून द्यायचं असा नियम आहे. स्वखुशीनं गेलेल्याला काही नाही. म्हणजे शहाऐंशी घरांची चूल त्या एका दिवसावर येऊन ठेपली होती.

गुरुवारी रोह्याच्या विश्रामगृहावर मुंबईची चौकशी समिती बसणार होती. आणि सोमवारी सकाळी पाहणीची फाइल रॅकवर नव्हती.

“पाशिलकर, फाइल तुम्ही शोधायची,” नव्या मॅडम म्हणाल्या. “अहवाल तुम्हीच टाइप केलाय. त्यातलं पान न् पान तुम्हाला ठाऊक आहे.”

मी फुशारलो. अठ्ठावीस वर्षांत पाहणीची गाडी, कागद, साहेबांचं जेवणखाण, यात कोणी माझा हात धरलेला नाही. फाइल काय, दोन दिवसांत शोधून टेबलावर ठेवतो, असं मी सगळ्यांदेखत बोलून बसलो.

२

रेकॉर्ड रूमची किल्ली दोघांकडे. एक दिपिका, आमची स्कॅनिंग करणारी क्लार्क. दुसरा कान्हू, शिपाई.

दिपिका रडायच्या बेतात होती. “सर, गेल्या सोमवारी मीच ती स्कॅन केली. अहवाल कॉम्प्युटरवर आहे, एकही शब्द गेलेला नाही.”

“मग गेलं काय?”

“मूळ कागद. आणि मागचे सहा फोटो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले होते, मशीनमध्ये जाईनात. कान्हूमामांना म्हटलं धरून ठेवा. ते खिडकीपाशी जाऊन, चष्मा कपाळावर सरकवून बघत बसले. मी दोनदा हाक मारली तरी लक्ष नाही.”

ते फोटो मला आठवले. कंपनीनंच काढून प्रिंट करून दिले होते. मी गोंद लावून चिकटवले होते. बघितले मात्र नव्हते. कोण बघतं हो! पाहणीत फोटो लागतात म्हणून लावायचे.

“शुक्रवारी सकाळपर्यंत फाइल रॅकवर होती ना? त्या दिवशी रूममध्ये कोण कोण आलं?”

“कंपनीचे सुशील साहेब आले होते नक्कल मागायला. कामगारांचा निकेश आला होता. दोघांनाही मी दारातच थांबवलं. पण मधे मी दहा मिनिटं मॅडमकडे गेले होते सर,” दिपिका म्हणाली आणि खरंच रडायला लागली. “दार उघडं राहिलं होतं.”

३

कान्हू जिन्याखाली स्टुलावर बसला होता. खाडीकडचा माणूस, कासू स्टेशनला उतरून पुढे त्याचं गाव. बाप मिठागरात राबला, हा सरकारी नोकरीत आला. तीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही त्यानं.

“कान्हू, अरुणतेजची फाइल नाही रे.”

“आयकलंय.”

“तुला काय वाटतं?”

“कंपनीवाल्यानंच नेली असंल. दुसरं कोन नेनार?” तो माझ्याकडे बघत नव्हता. मग एकदम म्हणाला, “फोटू बी गेलं का वो सगलं?”

“सगळं गेलं.”

“बरं,” कान्हू म्हणाला आणि बादली उचलून पाणी भरायला गेला.

मी वर येऊन खुर्चीत बसलो आणि मग माझी ट्यूब पेटली. मी त्याला फाइल म्हणालो होतो. फोटोंबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. अन् ‘बरं’ काय म्हणाला हा? पण कान्हू आणि चोरी? छे! माझं मन मानेना. त्यापेक्षा कंपनीवाला सुशील सोयीचा होता, म्हणून मी मंगळवारी रोह्याची गाडी पकडली.

४

निकेश मला स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. तिशीचा पोरगा, रंगखात्यात बारा वर्षं काढलेला. बरोबर अमोल नावाचा दुसरा मुलगा होता, खांब गावचा, तोही काढलेल्यांपैकीच.

“फाइल तू नेलीस का?” मी सरळच विचारलं.

“नेली असती, तर गुरुवारी गळ्यात अडकवून आलो असतो,” निकेश म्हणाला. “त्यात काय हाय ते आम्हाला दाखवलंय कोनी? साहेब, आम्हाला पाहणीच्या सहा दिवस आधी गेटवर थांबवला. युनिफॉर्म काढून घेतलं. म्हनाले, उद्यापासून येऊ नका.”

“मग पाहणीच्या दिवशी तुमच्या जागी कोण होतं?”

“तेच तर कोडं हाय. पेणच्या बाजूनं टेम्पो आलं, दोन खेपा झाल्या, एवढं वॉचमननं बघितलं. आत कोन होतं ते कलला नाय. आमच्यातली जी चार मानसं अजून कामावर होती, त्यांनी दुसऱ्या दिवशी एक गंमत बघितली.”

“काय?”

“फरशीवर रंगाचे शिंतोडे. गोल गोल, एका रांगेत. आता आमच्यात गाडीचा दरवाजा हुकाला टांगलेला असतो. आम्ही उभ्यानं रंग मारतो. फरशीवर रंग पडायचा प्रश्नच नाय. कोनी केला ह्यो पराक्रम?”

मी चहाचा पेला खाली ठेवला. खाली बसून, वस्तू पुढ्यात पाटावर घेऊन रंगकाम कोण करतं, हे पेणच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने आहेत. शेकडो बायाबाप्ये वर्षभर तसेच बसून रंगवतात. अन् पाहणी झाली ती विसर्जनानंतर, पितृपक्षात. तेव्हा रंगवणाऱ्यांच्या हाताला काम नसतं.

अमोल पहिल्यांदाच बोलला. “साहेब, बाकीचं राहू द्या. पाहणी अचानक होती ना? मग आधी आम्हाला काढून कागदावर हजर दाखवायचा डाव कंपनीनं आखला कसा? तारीख सहा दिवस आधी कलली कशी? कोनी सांगितली?”

“ते मी शोधून काढतो,” मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो हो! आठवलं की अजून कान तापतात.

५

कंपनीच्या बंद गेटाशेजारच्या ऑफिसात सुशील एकटाच बसला होता. सरकारी कामं बघणारा माणूस, गोड बोलणारा, नेहमी आमच्या ऑफिसात पेढे घेऊन येणारा.

“पाशिलकर, जरा डोकं चालवा,” तो म्हणाला. “मी फाइल कशाला नेईन? अहवाल आमच्या बाजूचा आहे. ती फाइल म्हणजे आमचं कवच. मी तर नक्कल मागायला आलो होतो.”

बोलणं बिनतोड होतं. कंपनीला फाइल हवी होती. निकेशलाही हवी होती. मग ती नको कोणाला होती?

“पेणहून माणसं आणून बसवलीत तुम्ही,” मी अंदाजानं दडपून बोललो.

सुशील हसला. “समजा आणली. सिद्ध कोण करणार? फोटोत सगळ्यांच्या तोंडाला मास्क आहेत.”

“पाहणीची तारीख तुम्हाला कोणी फोडली? साहेबांनी?”

आता तो जोरात हसला. इतका, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“साहेब बिचारे! त्यांनी त्यांच्या बायकोलासुद्धा सांगितलं नसेल. अहो, आदल्या आठवड्यात तुमच्या ऑफिसातून फोन आला होता. पुढच्या बुधवारी पाच माणसं जेवायला आहेत, पितृपंधरवडा चालू आहे म्हणून तिघं शाकाहारी, भाजी फार तिखट नको.” तो पुढे वाकला. “आवाज ओळखीचा होता, पाशिलकर. तुमचाच होता.”

६

परतीच्या गाडीत मला बसायला जागा होती, पण मी दारातच उभा राहिलो. कुठल्या तोंडानं कोणासमोर बसणार?

अठ्ठावीस वर्षं, या कक्षात आणि त्याआधीच्या ऑफिसांत, मी असे फोन करत आलो. पाहणीला साहेब जाणार, तर त्यांच्या जेवणाचं बघायला नको? मोठी पाहणी असली की आठ दिवस आधी सांगायचं, म्हणजे कोणाची तारांबळ उडत नाही. माझ्या आधीचे कारकून करायचे, त्यांनीच मला शिकवलं. मग ऑफिसात येऊन मी टाइप करायचो, ‘अचानक पाहणी केली असता’. एका हातानं फोन आणि दुसऱ्या हातानं हे वाक्य. त्यात काही विसंगत आहे हे एकदाही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. पैसे खाल्ले असते तर निदान लपवावंसं तरी वाटलं असतं. मी तर नीट काम करतो म्हणून मिरवत होतो.

ही लाज गिळता येईना, म्हणून मी फाइलचा विचार करायला लागलो. अहवाल तर कॉम्प्युटरवर होताच, खरे गेले ते फोटो. म्हणजे फाइल नको होती ती फोटो बघून भ्यायलेल्या माणसाला. फोटो बघितले दोघांनी. दिपिकानं ते फक्त मशीनमध्ये घालून पाहिले. कान्हू मात्र खिडकीत नेऊन बघत राहिला. मास्क लावलेल्या माणसात ओळखण्यासारखं काय असतं? अनोळख्याला काही नाही, घरच्याला सगळं. आणि कान्हूची बायको सगुणा पेणच्या एका कारखान्यात गणपतीचे डोळे आखते. तिच्या हाताची आखणी बघितली की गिऱ्हाईक ती मूर्ती दुसऱ्याला जाऊ देत नाही, असं कान्हूच मला कौतुकानं सांगायचा.

मी कासूला उतरलो.

कान्हूच्या दारात सगुणा तांदूळ निवडत होती. लांब मिठाचे ढीग दिसत होते. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आत हाक मारली, “आवो, आलं बगा ते.” माझीच वाट बघत असल्यासारखं.

कान्हू बाहेर आला, मुकाट्यानं परत आत गेला आणि तांदळाच्या पिंपातून फाइल काढून त्यानं माझ्यापुढे ठेवली. पिशवीत गुंडाळलेली, लाल नाडीसकट.

“जालायला घेतली व्हती,” तो म्हणाला. “सरकारी कागुद. हात नाय झाला.”

“अरे, एक फोटो काढून घ्यायचास. अख्खी फाइल कशाला नेलीस?”

“पान नंबर तुटला असता ना!” कान्हू चिडून म्हणाला. तीस वर्षांची शिस्त. मला हसूही येईना.

मी चौथा फोटो बघितला. निळा शर्ट, टोपी, मास्क. एक पाय दुमडून जमिनीवर बसलेलं माणूस, पुढ्यात पाटावर मोटारीचा दरवाजा. डावा हात दरवाजा फिरवतोय आणि उजवा तिथंच स्थिर, मूर्तीचे डोळे आखताना असतो तसा. शर्टाच्या खिशावर इंग्रजीत नाव शिवलेलं होतं. अमोल.

“कंत्राटदार म्हनला, एक दिस गाडी रंगवायची हाय,” सगुणा सांगायला लागली. “काम नव्हतं, गेलो सगल्या. ढगला शर्ट दिला, म्हनला बांगड्या बाहीत सारा. आता रंगाचं काम उभ्यानं कोन करतं? बसलो खाली. मला काय ठावं खिशावर काय लिवलंय!” तिनं फाइल मिटली. “अमोल माज्या बहिनीचा. खांबला दिलेली बहीन. ह्या हातांनी न्हाऊ घातलाय त्याला. आन त्याचाच शर्ट घालून त्याच्या जागंवर मी बसले? त्याला सांगू कशी मी?”

“म्हनून नेली,” कान्हू म्हणाला. “बहिनीबहिनींत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.”

“मी येनार गुरवारी,” सगुणा म्हणाली. “तोंड काला होऊ दे. पोराचं काम तरी परत लागंल.”

त्या बाईनं पदरानं डोळे पुसून हे ठरवलं, आणि मी फाइल बगलेत मारून उठलो. फोनचं मी बोललो नाही. हिंमत झाली नाही.

७

गुरुवारी विश्रामगृहाचा हॉल भरला होता. शहाऐंशी जण मागे भिंतीला टेकून उभे होते. समितीच्या अध्यक्षबाई चष्म्यातून एकेक कागद वाचत होत्या. दिपिका इतिवृत्त लिहायला बसली होती. मॅडमनी फाइल सापडल्याचं सांगितलं, कुठे ते सांगितलं नाही. तेवढी भीक मी कान्हूसाठी मागितली होती.

सगुणा उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. अमोलकडे न बघता सांगितलं. अमोलनं मात्र मावशीवरून नजर काढली नाही.

मग सुशील उठला.

“बाईंना भाच्याची माया आहे, समजू शकतो. पण फोटो बघा. तोंडाला मास्क आहे आणि खिशावर नाव आहे, अमोल. म्हणजे अमोलच बसलाय. म्हणजे हजर!”

“खाली का बसलाय?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“पाठ दुखत असेल.” पुढच्या रांगेत हशा पिकला. “आणि मुख्य गोष्ट. अहवालाच्या पहिल्याच ओळीत आहे, अचानक पाहणी. पाहणी करणाऱ्या साहेबांनी लेखी दिलंय की तारीख त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. मग आम्ही ऐंशी माणसं टेम्पोत भरून आणली कशी? आम्हाला काय स्वप्न पडलं होतं?”

पुन्हा हसले लोक. सगुणा उभीच होती. खोटारडी ठरल्यासारखी, हातात पदराचं टोक धरून.

अध्यक्षबाईंनी फाइल मिटली. “अहवाल उभा आहे तोवर आमचे हात बांधलेले आहेत. पाहणी अचानक नव्हती असं सिद्ध झालं तर अहवालच बाद होईल, आणि मग या लोकांना काढलं नव्हतं हे कंपनीला दाखवून द्यावं लागेल. तारीख आधी बाहेर गेली होती, असं कोणी सांगू शकतं का इथे?”

सुशीलनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. ओळखीचं हसला. त्याची खात्री होती. माझीही होती, खरं सांगायचं तर. तीन महिन्यांनी निवृत्ती, नारळ, शाल. बोललो तर खातेनिहाय चौकशी आणि पेन्शन लटकलेलं. घरी काय सांगणार? लाच खाल्ली नाही, बाई, जेवण सांगितलं.

“नाही ना कोणी?” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मग पुढे जाऊ. तत्पूर्वी, हरवलेली फाइल तीन दिवसांत शोधून काढल्याबद्दल समिती श्री. पाशिलकर यांचे आभार मानते. इतिवृत्तात घ्या.”

मॅडमनी टाळी वाजवली. मग दोघातिघांनी वाजवली. मागे भिंतीशी उभ्या असलेल्या निकेशनंही वाजवली, प्रामाणिकपणे. अन् सगुणानं, अजून उभी असलेल्या त्या बाईनं, माझ्याकडे बघून हात जोडले.

ते मला सोसलं नाही.

मी उठलो. पुढची खुर्ची धरली. “ते आभार खोडा, बाई,” मी म्हणालो. “ही बाई खरं बोलतेय. तारीख फुटली होती. जेवणाची व्यवस्था करा म्हणून कंपनीला आठवडाभर आधी फोन गेला होता. दरवर्षी जातो.”

सुशीलचं हसू तोंडावरच राहिलं.

“फोन कोणी केला?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“मी. आणि अचानक पाहणी केली असं टाइपही मीच केलं.”

मागे कोणीतरी शिवी हासडली. बरोबरच होती. निकेश माझ्याकडे बघत होता आणि मघाशी टाळी वाजवलेले हात त्यानं पाठीमागे नेले होते. अमोल गर्दीतून वाट काढत पुढे आला. मला वाटलं माझ्याकडे येतोय, मारणार. तो माझ्या खांद्याला घासून गेला आणि मावशीला धरून त्यानं खुर्चीवर बसवलं.

“हे शपथेवर सांगताय?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“शपथेवर. कॉलची नोंद काढा, माझाच नंबर निघेल.”

त्यांनी फाइल पुन्हा उघडली. अहवालाच्या पहिल्या पानावर आडवी रेघ मारली आणि सही केली. “अहवाल बाद. कंपनीनं पंधरा दिवसांत खुलासा करावा. तोवर ही शहाऐंशी नावं काढलेल्या कामगारांच्या यादीत धरावीत.” मग त्या दिपिकाकडे वळल्या. “श्री. पाशिलकर यांचा जबाब लिहून घ्या.”

दिपिकानं पेन उचललं, पण ते कागदावर टेकेना. माझ्या मुलीच्या वयाची पोर ती. तिचे डोळे भरून आले होते.

“सर,” ती हळूच म्हणाली, “‘कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने’ असं लिहू का?”

असंच लिहितो आम्ही. इतकी वर्षं मीच लिहीत आलो, ‘एका कर्मचाऱ्याने’.

“नाही,” मी म्हणालो. “बाबाजी महादू पाशिलकर लिही. बापाच्या नावासकट.”